आधी ड्रायव्हरला विचारा

आमच्या हॉस्टेलच्या बऱ्याच खोल्यांत १९६० च्या दशकातल्या अमेरिकन मसल कारचं पोस्टर सापडेल. मध्यम आकाराच्या गाडीत भला मोठा व्ही-८ बसवायचा, एवढाच त्या गाड्यांचा मंत्र! खाली पार्किंगमध्ये मात्र कुणाच्या तरी काकांची जुनी जीप नाहीतर दमलेली आरएक्स १०० उभी असते. रात्री मेसमधून येता-येता पोरं तिच्याभोवती जमतात आणि एकच चर्चा रंगते : हिची पॉवर कशी वाढवायची? कार्ब्युरेटर मोठा टाक, सायलेन्सर मोकळा कर, हेड घासून कॉम्प्रेशन वाढव... यादी भराभर होते. ब्रेकचं नाव त्यात सहसा नसतं. पोस्टरवरच्या अनेक गाड्यांचंही तेच होतं म्हणा. इंजिन राक्षसाचं आणि चारी चाकांना साधे ड्रम ब्रेक.

म्हणूनच मला एका अशा माणसाबद्दल लिहावंसं वाटलं, ज्याने जुनी होत चाललेली गाडी सुधारण्याचं काम अख्ख्या देशासाठी केलं, आणि त्यातलं बरंचसं आपल्या पुण्यातून केलं. गाडी रेसची नव्हती, मालाची होती. त्यांचं नाव सुमंत मूळगावकर. ऐकलं नाही म्हणता? ऐकलंय. 'सुमंत'मधला सु आणि 'मूळगावकर'मधला मू (इंग्रजी स्पेलिंगमधला मो) घेतला की 'सुमो' होतं. १९९४ साली आलेल्या टाटा सुमोचं नाव जपानी पैलवानांवरून नाही, या माणसावरून आहे!

मूळगावकरांचा जन्म १९०६ सालचा, मुंबईतला. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात ते इंजिनिअरिंग शिकले. परत आल्यावर सुरुवातीची वर्षं सिमेंटच्या धंद्यात गेली. १९४९ साली ते टेल्कोत आले, म्हणजे २००३ पासून जिला आपण टाटा मोटर्स म्हणतो त्या कंपनीत. तेव्हा टेल्को जमशेदपूरला रेल्वेची इंजिनं बनवायची. १९५४ साली जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी पंधरा वर्षांचा करार झाला आणि त्याच वर्षी जमशेदपूरहून मर्सिडीजचा तारा लावलेले ट्रक बाहेर पडू लागले.

ट्रक दणकट होता, पण तो घडला होता जर्मनीच्या रस्त्यांसाठी. आपल्याकडे त्यात ठरल्यापेक्षा जास्त माल भरला जाणार, आणि तो भरलेला ट्रक खंडाळ्याचा घाट चढणार नि उतरणारही. गॅरेजवाले कमानीला जादा पाटा चढवून वजनाची सोय करून द्यायचे, पण ब्रेक आणि ॲक्सल होते तेच राहायचे. इथे आपल्या फर्स्ट इयरचं गणित आठवा. वेग तोच ठेवून वजन दुप्पट केलं, तर घाटात ब्रेकला जिरवायची ऊर्जाही दुप्पट. आणि वजन तेच ठेवून वेग ६० वरून ८५ वर नेला, तरी ती दुप्पटच, कारण वेगाचा वर्ग होतो. सगळी उष्णता ड्रममध्येच जाणार. कर्ज काढून एकच ट्रक घेणाऱ्या मालकाची गाडी घाटात बंद पडली, तर हप्ता चुकतो. ब्रेकच गेला, तर काय होतं ते सांगायला नको.

मूळगावकरांबद्दल एक गोष्ट इंडस्ट्रीत नेहमी सांगितली जाते. तिला आख्यायिका म्हणा हवं तर. दुपारी जेवायच्या वेळी साहेब एकटेच गाडी काढून कुठे तरी जायचे. बाकीच्यांना वाटायचं, डीलर लोक मोठ्या हॉटेलात पार्टी देत असणार. एकदा कुणी तरी मागोमाग गेलं, तर साहेब हायवेवरच्या ढाब्यावर ट्रक ड्रायव्हरांबरोबर जेवत बसलेले! गाडी कुठे त्रास देते, काय लवकर तुटतं, हे विचारायचं आणि परत येऊन ते डिझाइनवाल्यांपुढे ठेवायचं. तपशील इकडे-तिकडे झाला असेल, पण मला यातला क्रम महत्त्वाचा वाटतो. सुधारणेची यादी त्यांनी कॅटलॉग बघून केली नाही, गाडी चालवणाऱ्याला विचारून केली.

दुसरी गोष्ट वेळेची. करार १९६९ ला संपणार, हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्यानंतर गाडीत बदल करायचा, तर तो स्वतःच्या अकलेवर करावा लागणार होता. म्हणून करार संपायच्या तीन वर्षं आधी, १९६६ साली, पुण्यात इंजिनिअरिंग रिसर्च सेंटर सुरू झालं. पिंपरी-चिंचवडच्या माळावर कारखाना उभा राहिला, पण आधी बनले टूल, डाय आणि मशिन टूल. सोबत पोरांना शिकवणारं ट्रेनिंग सेंटर. पुण्यातून पहिली गाडी बाहेर पडली ती १९७७ साली! म्हणजे अकरा वर्षं नुसती तयारी. आपल्याला एक सेमिस्टर जड जातं! त्याच माळावर त्यांनी हजारो झाडं लावून घेतली आणि तळं केलं. तिथे आज पक्षी येतात.

१९६९ ला तारा उतरला आणि ट्रकवर टाटांचा 'टी' लागला. १९७१ साली कंपनीने डायरेक्ट इंजेक्शनची इंजिनं आणली. मेकॅनिकलवाल्यांना हे कळेलच, बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. मर्सिडीजच्या आधीच्या डिझेल इंजिनात डिझेलचा फवारा एका छोट्या बाजूच्या खोलीत, प्री-चेंबरमध्ये, पडायचा. तिथे पेटलेला वायू अरुंद भोकातून सिलिंडरमध्ये यायचा आणि वाटेत बरीच उष्णता भिंतींना देऊन बसायचा. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये ती खोलीच नाही. फवारा सरळ पिस्टनच्या डोक्यावरच्या वाटीत पडतो. वाया जाणारी उष्णता वाचते, म्हणजे डिझेल वाचतं. त्याची किंमतही आहे. नोझल आणि पंप जास्त दाबाचे आणि जास्त अचूक लागतात, इंजिनाचा आवाजही वाढतो. तरी ट्रकवाल्याला परवडतं, कारण त्याचा जीव ॲव्हरेजवर असतो.

पुढे मूळगावकर टेल्कोचे अध्यक्ष झाले. १९८० च्या दशकात टोयोटा, निसान, मित्सुबिशी आणि माझदा या चार जपानी कंपन्या भारतीय भागीदार घेऊन हलक्या ट्रकच्या बाजारात उतरल्या. टेल्कोने पुन्हा परदेशी करार न करता १९८६ साली स्वतः डिझाइन केलेली टाटा ४०७ आणली. डीसीएम टोयोटा आणि ऑल्विन निसान ही नावं आता जुन्या लोकांनाच आठवतात. ४०७ कुणाला सांगावी लागत नाही.

१९८८ साली अध्यक्षपद रतन टाटांकडे गेलं आणि १९८९ साली मूळगावकर वारले. सुमो त्यांनी पाहिली नाही.

पार्किंगमधल्या जीपला जोर आणायचा असेल तर जरूर आणा, मी आडवा येणार नाही. पण ती कोण चालवणार, कुठल्या रस्त्यावर आणि ती थांबणार कशी, हे कागदावर आधी लिहा. मगच कार्ब्युरेटरला हात लावा. आणि सकाळी मेसचा भाजीपाला घेऊन जो टेम्पो येतो, तो बघा. बहुधा ४०७ च असेल. ड्रायव्हरकाकांना चहा पाजा आणि गाडी कुठे त्रास देते ते विचारा. अभ्यासक्रमात नसलेलं पुष्कळ काही कळेल.