मुहम्मद शैबानी खान

मुहम्मद शैबानी खान (जन्म: इ.स. १४५१, मृत्यू: २ डिसेंबर, इ.स. १५१०) हा मध्य आशियातील उझबेक सत्तेचा संस्थापक होता. तैमूरच्या वंशजांकडून समरकंद, बुखारा आणि हेरात ही शहरे जिंकून त्याने सीरदर्या नदीपासून खुरासानपर्यंत राज्य उभे केले. इराणचा सफवी सम्राट शाह इस्माईल याच्याशी झालेल्या मर्वच्या लढाईत तो मारला गेला. भारतीय वाचकांना तो मुख्यतः बाबराचा शत्रू म्हणून ठाऊक असतो. उझबेक आणि इराणी या दोन सत्तांच्या संबंधांचा आरंभही त्याच्याच कारकिर्दीत झाला.

कुळ आणि बालपण

चंगीझखानाचा थोरला मुलगा जोची आणि त्याचा मुलगा शिबान. या शिबानाच्या कुळात शैबानी खानाचा जन्म झाला व त्यावरूनच त्याच्या घराण्याला शैबानी हे नाव मिळाले. त्याचा आजा अबुल खैर खान याने किपचाक गवताळ प्रदेशातील भटक्या टोळ्यांना एका छत्राखाली आणले होते. वडील शाह बुदाग सुलतान लवकर वारले. इ.स. १४६८ मध्ये अबुल खैर खानाचाही मृत्यू झाला आणि आजवर दबून असलेले सारे शत्रू एकाच वेळी उठले. राज्य पाहता पाहता विखुरले. शैबानी आणि त्याचा धाकटा भाऊ महमूद यांना घराण्याच्या काही निष्ठावंत सेवकांनी वाचवले व अस्त्राखानकडे नेले.

यानंतरची सुमारे तीस वर्षे शैबानीने आश्रितासारखी आणि भाडोत्री सरदारासारखी काढली. काही काळ तो बुखाऱ्यात राहिला आणि तेथे त्याने कुराण, धर्मशास्त्र व फारसी वाङ्मय यांचे शिक्षण घेतले. गवताळ प्रदेशातील तंबूंत वाढलेला हा राजपुत्र पुढे विद्वानांच्या सभेत वाद घालू शकला, त्याचे मूळ या वास्तव्यात आहे. इ.स. १४८८ मध्ये समरकंदचा तैमूरी सुलतान अहमद मिर्झा याच्या वतीने तो मोगलिस्तानच्या महमूद खानाविरुद्ध रणात उतरला आणि ऐन वेळी शत्रूला जाऊन मिळाला. बक्षीस म्हणून सीरदर्याच्या काठचा मुलूख त्याच्या हाती आला. तैमूरी राजपुत्र एकमेकांविरुद्ध उझबेक घोडेस्वारांची मदत घेत राहिले. हे मदतनीस एक दिवस आपल्याच दारात उभे राहतील, हे त्यांच्यापैकी कोणाच्या ध्यानी आले नाही.

समरकंद आणि बाबर

इ.स. १५०० मध्ये शैबानीने समरकंद घेतले. त्याच वर्षी तरुण बाबराने मूठभर माणसांनिशी रात्री छापा घालून ते परत मिळवले. पुढच्या वर्षी सर-ए-पुल येथे दोघांची गाठ पडली. शैबानीच्या घोडदळाने बाबराच्या सैन्याच्या बगलेला वळसा घालून पाठीमागून हल्ला चढवला. तुलुगमा नावाचा हा डावपेच बाबर जन्मभर विसरला नाही, इ.स. १५२६ मध्ये पानिपतावर इब्राहीम लोदीविरुद्ध त्याने तोच वापरला. पानिपताच्या पहिल्या लढाईत उझबेकांच्या युद्धकलेचा असा वाटा आहे.

पराभवानंतर बाबर समरकंदात अनेक महिने वेढला गेला. अन्न संपले, मदत आली नाही. अखेर तो शहर सोडून गेला, परंतु त्याची थोरली बहीण खानजादा बेगम मागे राहिली आणि तिचा विवाह शैबानी खानाशी झाला. तिला खुर्रम शाह नावाचा मुलगा झाला. पुढे शैबानीने तिला घटस्फोट दिला. दोन घराण्यांच्या वैरात या स्त्रीच्या आयुष्याची दहा वर्षे गेली.

इ.स. १५०३ मध्ये शैबानीने महमूद खान आणि त्याचा भाऊ अहमद खान या जुन्या आश्रयदात्यांनाच हरवले. बाबर काबूलकडे वळला. इ.स. १५०५ मध्ये दीर्घ वेढ्यानंतर ख्वारिझम पडले.

हेरात

खुरासानचा वृद्ध सुलतान हुसेन बायकरा इ.स. १५०६ मध्ये मरण पावला. त्याचे दोन मुलगे एकाच वेळी गादीवर बसले; अशा राज्याचे जे व्हायचे ते झाले. इ.स. १५०७ च्या मे महिन्यात शैबानी खान हेरातेत शिरला. हेरात ही त्या काळच्या फारसी संस्कृतीची राजधानी होती. जामी आणि अली शेर नवाई या कवींचे हे शहर. चित्रकार बिहजाद आणि सुलेखनकार सुलतान अली मशहदी येथेच काम करीत होते.

शैबानीने हेरातेतील काझींना कुराणावर व्याख्याने दिली आणि बिहजादची चित्रे व सुलतान अलीचे सुलेखन स्वतः दुरुस्त केले, असे बाबराने आपल्या आत्मचरित्रात उपहासाने नोंदवले आहे. बाबर हा गादी आणि बहीण दोन्ही गमावलेला शत्रू होता, हे विसरून ही हकिकत वाचता येत नाही. शैबानी स्वतः तुर्की भाषेत कविता करीत असे. तैमूरी दरबारातील कवी बिनाई याला त्याने जवळ केले. बिनाईने फारसीत आणि मुहम्मद सालिह याने तुर्कीत त्याची चरित्रे लिहिली; दोन्हींचे नाव शैबानीनामा असेच आहे. न्यू यॉर्क येथील मेट्रोपॉलिटन कलासंग्रहालयात त्याचे एक व्यक्तिचित्र असून ते बिहजादच्या कुंचल्याचे मानले जाते. त्यात पगडी बांधलेला, जाड बांध्याचा एक प्रौढ पुरुष तक्क्याला टेकून बसला आहे. त्याच्यापुढे लेखणी व पुस्तकही दाखवले आहे.

हेरात जिंकल्यावर त्याने चलनाची सुधारणा हाती घेतली. तैमूरी राजपुत्रांच्या भांडणांत निरनिराळ्या टांकसाळींतून निघणाऱ्या नाण्यांचा मेळ राहिला नव्हता. शैबानीने समरकंद, बुखारा, मर्व, हेरात अशा शहरांतून एकाच वजनाची चांदीची नाणी पाडवली. अमूदर्याच्या दोन्ही तीरांवरील बाजार एका चलनाखाली आले. चीन, हिंदुस्थान आणि इराण यांना जोडणाऱ्या काफिल्यांच्या वाटा याच बाजारांतून जात. लढायांच्या वर्णनांत या कामाची आठवण सहसा राहत नाही, पण राज्यकर्ता म्हणून त्याची योग्यता ठरवताना ते डावलता येणार नाही.

शाह इस्माईलशी संबंध

शैबानी पूर्वेकडे वाढत असताना पश्चिमेकडे शाह इस्माईलने इ.स. १५०१ मध्ये तब्रीझ येथे राज्य स्थापून शिया पंथाला राजधर्म केले. शैबानी कट्टर सुन्नी होता आणि स्वतःला युगाचा इमाम व ईश्वराचा खलिफा म्हणवीत असे. हेरातेतून पळालेला तैमूरी राजपुत्र बदीउज्जमान इस्माईलच्या आश्रयाला गेला. इराण सोडलेला सुन्नी विद्वान फझलुल्लाह खुंजी शैबानीच्या दरबारी आला आणि त्याने इ.स. १५०९ च्या सुमारास मिहमाननामा-ए-बुखारा हा ग्रंथ लिहिला. दोन्ही दरबार असे एकमेकांच्या निर्वासितांनी भरत गेले.

तथापि ही केवळ पंथांची लढाई होती असे म्हणणे सोपे, पण अपुरे आहे. शैबानीने मशहद येथील इमाम रझा यांच्या दर्ग्याची यात्रा केली होती. हे स्थान शियांना परम पवित्र आहे. खरा वाद खुरासानच्या मालकीचा होता.

उझबेक तुकड्यांनी किरमानपर्यंत धाडी घातल्यावर वकिलांची ये-जा सुरू झाली. इस्माईलचे पूर्वज सूफी पीर होते. त्यावर बोट ठेवून शैबानीने त्याला काठी आणि भिक्षापात्र पाठवले. राज्य हा आपला वारसा आहे, तुझा वारसा फकिरीचा, असा त्याचा अर्थ होता. इस्माईलने उलट चरखा आणि चाती पाठवली. लढायला येत नसशील तर बायकांबरोबर सूत कात, असे त्यातून सुचवले होते. उझबेक आणि इराणी सत्तांमधील राजनैतिक व्यवहाराची ही पहिली ठळक देवघेव.

मर्व

इ.स. १५१० उजाडले तेव्हा शैबानीचे सैन्य थकले होते. कझाकांविरुद्धची हिवाळी मोहीम फसली होती, त्यानंतर हजारा टोळ्यांवरील स्वारीत घोडी व माणसे खर्ची पडली होती. अशा वेळी इस्माईल खुरासानात उतरला. शैबानी मर्वच्या किल्ल्यात शिरून समरकंद व बुखाऱ्याहून येणाऱ्या कुमकेची वाट पाहू लागला. इस्माईलने माघारीचे सोंग केले. कुमक पोचण्याआधीच शैबानी बाहेर पडला, पाठलाग करीत पुढे गेला आणि वेढला गेला. ज्या डावाने त्याने आयुष्यभर इतरांना फसवले, तोच गवताळ प्रदेशातील जुना डाव होता. एका बंदिस्त आवारात कोंडलेल्या माणसा-घोड्यांच्या चेंगराचेंगरीत त्याचा अंत झाला.

त्याच्या देहाची विटंबना झाली. कवटीला सोने मढवून इस्माईलने मद्याचा प्याला करविला आणि कातडीत पेंढा भरून ती उस्मानी सुलतान दुसरा बायझीद याच्याकडे धाडली. खानजादा बेगमला मात्र त्याने सन्मानाने बाबराकडे कुंदुझ येथे पोचवले.

मृत्यूनंतर

इस्माईलच्या मदतीने बाबराने इ.स. १५११ मध्ये समरकंद पुन्हा घेतले, परंतु शियांशी केलेली हातमिळवणी तेथील सुन्नी प्रजेला रुचली नाही. पुढच्याच वर्षी शैबानीचा पुतण्या उबैदुल्लाह याने त्याला हुसकावले आणि गिझदुवान येथे इराणी सेनापती नज्म-ए-सानी मारला गेला. बाबराची समरकंदची आशा संपली आणि त्याची नजर हिंदुस्थानकडे वळली.

अमूदर्या ही साधारणपणे दोन राज्यांची सीमा ठरली. हेरातेसाठी उबैदुल्लाहने वारंवार स्वाऱ्या केल्या. ते शहर हात बदलत राहिले आणि इ.स. १५९८ मध्ये शाह अब्बासने ते सफवींकडे परत आणले. मावराउन्नहरच्या धर्मशास्त्र्यांनी शियांना गुलाम करणे वैध ठरवले, त्यामुळे धाडींत पकडलेली खुरासानची माणसे कित्येक पिढ्या बुखाऱ्याच्या बाजारात विकली गेली. त्याच वेळी काफिले चालूच होते. बुखाऱ्याच्या दरबाराची भाषाही फारसीच राहिली. बिहजाद तब्रीझला गेला व इ.स. १५२२ मध्ये शाही ग्रंथालयाचा प्रमुख झाला. हेरातेत घडलेली चित्रशैली बुखाऱ्यातही फुलली.

समरकंदच्या रेगिस्तान चौकात शैबानी घराण्यातील कबरींचा चौथरा आजही आहे. इस्फहानच्या चेहेल सुतून राजवाड्याच्या भिंतीवर शाह इस्माईल उझबेकांशी लढत असल्याचे भव्य चित्र पाहायला मिळते.