हाफकिन आणि एक बाटली

परळच्या हाफकिन संस्थेसमोरून रोज हजारो माणसे जातात. ती ज्यांच्या नावाने ओळखली जाते, ते वाल्देमार हाफकिन डॉक्टर नव्हते. ओडेसात १८६० साली ज्यू कुटुंबात जन्मलेले हाफकिन तिथल्याच विद्यापीठाचे विज्ञान पदवीधर. धर्म बदलायला नकार दिल्यामुळे त्यांना रशियात प्राध्यापकी मिळाली नाही. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांनी सुरुवात केली ती ग्रंथालयातल्या कामाने. तिथेच कॉलऱ्याची लस तयार करून १८९२ मध्ये त्यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली. पुढच्या वर्षी ते हिंदुस्थानात आले.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग पसरला आणि सरकारने त्यांना बोलावून घेतले. ग्रँट मेडिकल कॉलेजमधल्या अपुऱ्या जागेत, एक कारकून आणि तीन शिपाई हाताशी धरून त्यांनी काम सुरू केले. मांसरसावर तुपाचे थेंब तरंगत ठेवायचे, त्यांना लोंबकळत प्लेगचे जंतू वाढू द्यायचे आणि मग उष्णतेने ते मारायचे, ही त्यांची पद्धत. १० जानेवारी १८९७ रोजी ही लसही त्यांनी प्रथम स्वतःलाच टोचली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगातील कैद्यांना ती देण्यात आली. लस पूर्ण संरक्षण देत नव्हती; पण ती घेतलेल्यांत प्लेग आणि मृत्यू, दोन्ही कमी आढळले.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल गावात १०७ जणांना लस टोचली गेली. त्यातल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सगळे दगावले. या १९ जणांना एकाच बाटलीतली लस मिळाली होती. बाकीच्या ८८ जणांना काहीही झाले नाही. तरीही ठपका प्रयोगशाळेवर आला. हाफकिन यांनी लस बनवताना कार्बोलिक ॲसिड वगळले, हा मुख्य आक्षेप होता. त्यांना कामावरून दूर करण्यात आले.

पुरावे मात्र वेगळेच सांगत होते. धनुर्वाताचे जंतू बाटलीत आधीपासून वाढत असते, तर ती उघडताच दुर्गंधी आली असती. तशी ती आली नव्हती. बाटलीचे बूच काढण्याचा चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात, हे तेव्हाही ठाऊक होते. रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी जाहीरपणे बाजू मांडल्यावर १९०७ मध्ये हाफकिन यांना पुन्हा नोकरीत घेतले गेले. पण मुंबईची प्रयोगशाळा गेली ती गेलीच. कलकत्त्यात नेमणूक झाली आणि पंचावन्नच्या सुमारास ते निवृत्त झाले. संस्थेला त्यांचे नाव मिळाले १९२५ मध्ये. १९३० मध्ये स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले.

आज लसीकरणानंतर कुणाला त्रास झाला, तर आम्ही डॉक्टर आधी विचारतो : बॅच क्रमांक कोणता, बाटली कधी उघडली, कुणी उघडली, त्याच बाटलीतली लस आणखी कुणाला दिली आणि ते कसे आहेत? हे प्रश्न १९०२ मध्ये नेटाने विचारले गेले असते, तर एका माणसाची उमेदीची पाच वर्षे वाचली असती. लस कितीही काळजीपूर्वक बनवलेली असो, ती टोचणारा शेवटचा हातही तितकाच स्वच्छ असावा लागतो.