मृत समुद्रात जीवन पाहणारा द्रष्टा
इ. स. पूर्व ५९७ मध्ये बाबिलोनच्या सैन्याने जेरुसलेम जिंकले व यहुदी राजासह हजारो प्रजाजनांना बंदिवासात नेले. त्यांत पुरोहितकुलोत्पन्न यहेज्केल होता. परमुलखात, खबार नदीच्या काठी, त्याला प्रेषितपदाची दीक्षा लाभली. मंदिराचा विध्वंस अटळ आहे, हे कटू सत्य त्याने स्वजनांना ऐकविले. प्रिय पत्नी निवर्तली, तेव्हा ईश्वराज्ञेने अश्रूही आवरले. पुढे दशकभरात मंदिर भस्मसात झाले आणि तोच कठोर द्रष्टा सांत्वन करू लागला. शुष्क अस्थींत प्राण संचारताना त्याने पाहिले. भावी मंदिराच्या उंबरठ्याखालून निघालेला प्रवाह घोट्याएवढा, गुडघ्याएवढा, कमरेएवढा होत अथांग नदी झाला. मृत समुद्राचे पाणी गोड झाले, त्यात मासे खेळू लागले. तीर्थाचे माहात्म्य जाणणाऱ्या भाविकांना हे दर्शन परके वाटू नये.