रेने लेनेक

रेने थेओफील यासँत लेनेक (१७ फेब्रुवारी १७८१ – १३ ऑगस्ट १८२६) हे फ्रेंच वैद्य व विकृतिशास्त्रज्ञ होते. स्टेथोस्कोपचे जनक म्हणून ते प्रसिद्ध असले, तरी छातीतील आवाजांवरून फुप्फुसांचे रोग ओळखण्याची शास्त्रशुद्ध पद्धत त्यांनी घालून दिली, हे त्यांचे अधिक मोठे कार्य होय.

त्यांचा जन्म वायव्य फ्रान्समधील कँपेर या गावी झाला. बालपणीच आई निवर्तल्याने नांत येथील वैद्य असलेल्या काकांनी त्यांचा सांभाळ केला. १८०१ मध्ये ते पॅरिसला गेले. छातीवर बोटांनी ठोकून आजार ओळखण्याच्या पद्धतीचे पुरस्कर्ते कॉर्व्हिसार हे तेथे त्यांचे गुरू होते.

स्टेथोस्कोप

१८१६ मध्ये नेकेर रुग्णालयात हृदयविकाराची लक्षणे असलेली एक तरुणी तपासणीस आली. ती स्थूल असल्याने छाती ठोकून काही कळेना आणि छातीला कान लावणे शिष्टसंमत नव्हते. लेनेक यांनी कागदाची घट्ट गुंडाळी करून तिचे एक टोक छातीवर व दुसरे आपल्या कानाशी धरले. हृदयाचे ठोके पूर्वीपेक्षा स्पष्ट ऐकू आले. पुढे त्यांनी सुमारे ३० सेंमी. लांबीची लाकडी नळी घडवली. लेनेक स्वतः बासरी वाजवत, तेव्हा त्यांचा कान सूक्ष्म स्वरभेदांना सरावलेला असला पाहिजे.

पण नळी हे केवळ साधन होते. रुग्ण हयात असताना ऐकलेले आवाज ते टिपून ठेवीत आणि तो दगावल्यास शवविच्छेदनात फुप्फुसाची स्थिती पडताळून पाहत. न्यूमोनियात आरंभी बारीक चुरचुर ऐकू येते. पुढे फुप्फुसाचा भाग स्रावाने भरून घट्ट होतो आणि कापल्यावर यकृतासारखा दिसतो, असे त्यांनी नोंदवले. आधुनिक सोनोग्राफीशी या वर्णनाचे नाते लक्षणीय आहे. श्राव्यातीत ध्वनिलहरी हवेने भरलेल्या निरोगी फुप्फुसात खोलवर शिरत नाहीत. मात्र असा घट्ट झालेला भाग फुप्फुसाच्या पृष्ठभागापर्यंत पोचला असल्यास तो पडद्यावर यकृतासारखाच दिसतो.

ही निरीक्षणे १८१९ मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध झाली. ब्रूसे यांच्यासारख्या प्रभावी समकालीनांनी लेनेक यांच्या मतांना कडवा विरोध केला. तरीही १८२२ मध्ये कोलेज द फ्रान्समध्ये त्यांची प्राध्यापकपदी नेमणूक झाली.

क्षयरोग व मृत्यू

निरनिराळ्या अवयवांत आढळणाऱ्या क्षयाच्या गाठी एकाच रोगाच्या होत, हे लेनेक यांनी आग्रहाने मांडले. त्या रोगावर तेव्हा औषध नव्हते; स्ट्रेप्टोमायसिनचा शोध १९४३ मध्ये लागला. त्यामुळे अचूक निदान झाले तरी रुग्ण वाचेलच असे नसे. लेनेक यांची प्रकृती १८१९ पासूनच ढासळली होती. १८२६ मध्ये त्यांचे नातलग व वैद्य मेरियादेक लेनेक यांनी स्टेथोस्कोपने त्यांची छाती तपासली, तेव्हा क्षयाची तीच चिन्हे ऐकू आली, जी लेनेक यांनी आपल्या ग्रंथात वर्णिली होती. त्याच वर्षी केरलुआर्नेक येथील घरी वयाच्या ४५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. आपला स्टेथोस्कोप त्यांनी मृत्युपत्राद्वारे मेरियादेक यांना दिला होता.