बंद दाराआडची मिस्सा : संत जोसेफ वाझ

मानवतसारख्या ठिकाणी किंवा आपल्या मराठवाड्यातील लहान गावांतून राहणाऱ्यांना फादरांची वाट पाहणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. पण श्रीलंकेतील कॅथलिकांनी ही वाट जवळजवळ तीस वर्षे पाहिली.

1658 साली डचांनी जाफना जिंकले, धर्मगुरूंना हाकलून दिले आणि मिस्सेवर बंदी घातली. लोक घरात गुपचूप जपमाळेची प्रार्थना करीत. अडचणीच्या वेळी बाप्तिस्मा कोणीही देऊ शकतो. मिस्सा मात्र धर्मगुरूविना होत नाही. भाकर व द्राक्षारस प्रभूचे शरीर व रक्त होतात ते धर्मगुरूच्या हातून, ही आपली श्रद्धा. म्हणून तेथे प्रार्थना होती, पण ख्रिस्तप्रसाद नव्हता. तिशीच्या आतल्या कितीतरी जणांनी मिस्सा कधी पाहिलीही नसेल!

त्यांची ही दशा गोव्यात फादर जोसेफ वाझ यांच्या कानी गेली. त्यांचा जन्म 21 एप्रिल 1651 रोजी बाणावलीचा, घराणे सांकवाळचे. 1676 मध्ये गुरुदीक्षा झाल्यावर ते गोरगरिबांसारखे अनवाणी चालू लागले. 1681 ते 1684 त्यांनी कानडा मुलुखात सेवा केली. पुढे गोव्यातील ओरेटरी संघाचे ते प्रमुख झाले. मान होता, आपली माणसे होती. ते सारे सोडून 1687 मध्ये ते मजुराच्या वेषात जाफन्याला उतरले.

उतरताच हगवणीने ते मरणाच्या दारी पोचले. बरे झाल्यावर भिक्षा मागत दारोदार फिरू लागले. गळ्यात जपमाळ. ती पाहून कोणाची नजर थबकते, यावरून आपली माणसे ओळखायची! मग रात्री, दारे लावून, पापनिवेदन आणि मिस्सा. पहाट होण्याआधी पांगायचे. सापडले तर यजमानाचेही घर जाणार, हे सर्वांना ठाऊक होते. 1689 च्या नाताळात जाफन्यात डच शिपायांनी धाड घातलीच. फादर निसटले, पकडलेल्या भाविकांचे मात्र फार हाल झाले. पवित्र मिस्सेची किंमत त्या लोकांनी अशी मोजली.

1692 साली ते बौद्ध राजाच्या राजधानीत, कँडीला गेले. पोर्तुगीजांचे हेर समजून त्यांना कैदेत टाकण्यात आले. कैदेतच ते सिंहली शिकले आणि तेथेच झोपडीवजा चर्च उभारून मिस्सा अर्पण करू लागले. दुष्काळात त्यांच्या प्रार्थनेने पाऊस पडला व राजाने त्यांना मोकळीक दिली, ही कथा बहुतेकांना माहीत असते. मला त्या पावसापेक्षा ती झोपडी मोठी वाटते. सुटकेची वाट न पाहता त्यांनी आधी वेदी उभारली.

1697 मध्ये कँडीत देवीची साथ आली. माणसे आजाऱ्यांना टाकून पळाली. फादरांनी त्यांना उचलून आणले, धुतले, जेवू घातले, मेलेल्यांना पुरले. धर्म कोणताही असो. वेदीवर ज्या प्रभूला ते हाती घेत, त्यालाच ते या माणसांत पाहत होते.

ते गोव्याला पुन्हा आले नाहीत. 16 जानेवारी 1711 रोजी कँडीतच त्यांनी देह ठेवला. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1995 मध्ये त्यांना धन्य घोषित केले. 14 जानेवारी 2015 रोजी पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोत, समुद्रकिनारी, उघड्या आकाशाखाली अर्पण केलेल्या मिस्सेत त्यांना संतपद दिले. त्यांचा सण 16 जानेवारीला असतो.