चित्रकार व्हायला निघालेला पोरगा सायकलच्या दुकानात शिरला आणि त्यातून ‘किर्लोस्कर’ उभं राहिलं

सिन्नर तालुक्यातल्या शेतकऱ्याला किर्लोस्कर म्हटलं की विहिरीवरचा पंप आठवतो. पण या नावाची सुरुवात पंपानं झाली नाही, नांगरानंही झाली नाही. ती झाली सायकलनं.

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म 20 जून 1869 चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. शाळेत मन रमेना, चित्रं काढायला मात्र आवडायची. म्हणून ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. तिथं कळलं की त्यांना काही रंगांतला फरकच ओळखू येत नाही. चित्रकाराचं स्वप्न तिथंच संपलं.

पण रेघ पक्की होती. मग त्यांनी यंत्रांची ड्रॉइंग काढायला शिकून घेतलं आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, शिकवायची नोकरी मिळवली.

सायकल कुठून आली?

मुंबईत त्यांनी सायकल पाहिली आणि डोक्यात धंद्याची कल्पना आली. लक्ष्मणराव मुंबईत सायकली विकत घ्यायचे आणि बेळगावला पाठवायचे. तिथं थोरले भाऊ रामूअण्णा त्या विकायचे आणि 15 रुपये फी घेऊन चालवायलाही शिकवायचे. दुकानाचं नाव किर्लोस्कर ब्रदर्स, साल 1888.

तेव्हा सायकल हे केवढं नवं यंत्र होतं, बघा. चेननं मागचं चाक फिरवणारी, आजच्यासारखी दिसणारी ‘रोव्हर’ सायकल इंग्लंडमध्ये आली 1885 साली. बेळगावात ती बिघडली तर दुरुस्त कोण करणार? दुकानातच दुरुस्ती सुरू झाली.

दुरुस्ती म्हणजे नेमकं काय?

साधं उदाहरण घ्या, चेन सटकण्याचं. आपण लगेच म्हणतो, चेन खराब झाली. पण ती कधी सटकते, हे आधी बघावं लागतं. पॅडलच्या काही ठरावीक फेऱ्यांनंतर झटका बसत असेल, तर एखादी कडी गंजून अडकलेली असते. तेल टाकून हातानं हलवली की बऱ्याचदा मोकळी होते. चेन ढिली असेल, तर मागच्या चाकाचे नट सैल करून चाक थोडं मागं ओढायचं. मधोमध चेन अर्धा इंच वरखाली हलली की पुरे.

चढावर जोर दिला की सटकत असेल, तर झीज बघायची. नव्या चेनच्या 24 कड्या बरोबर 12 इंच भरतात. त्या 12 इंचांच्या वर एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, भरल्या तर फ्रीव्हीलचे दातेही झिजलेले असणार. अशा वेळी नुसती चेन बदलली तर नवी चेनही सटकते.

एका भागाचा बिघाड दुसऱ्या भागात दिसतो, हे असं हात काळे करूनच कळतं.

नोकरी सोडली

मुंबईत लक्ष्मणरावांच्या बढतीची वेळ आली, तेव्हा ती जागा एका अँग्लो-इंडियन माणसाला दिली गेली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि बेळगाव गाठलं. सायकलचं दुकान होतंच. आता त्यांनी स्वतः यंत्रं बनवायला घेतली. आधी कडबा कापायचं यंत्र, मग 1903 च्या सुमारास लोखंडी नांगर.

नांगर तयार झाला, पण घेणार कोण? लोखंडानं जमीन विषारी होते, अशी समजूत शेतकऱ्यांमध्ये होती. पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली.

जरा जम बसतोय तोवर बेळगाव नगरपालिकेनं कारखान्याची जागा सोडायला लावली. पर्यायी जागा नाही, हातात पैसा नाही. तेव्हा औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. त्यांनी कुंडल रोड रेल्वे स्टेशनजवळचं माळरान आणि 10,000 रुपयांचं कर्ज दिलं. निवडुंग आणि सापांनी भरलेल्या त्या माळावर 1910 साली किर्लोस्करवाडी वसली. ती आज सांगली जिल्ह्यात आहे.

तिथं फक्त कारखाना उभा राहिला नाही, कामगारांचं गाव उभं राहिलं. लक्ष्मणरावांनी वाडीत अस्पृश्यता पाळू दिली नाही. शिक्षा भोगून आलेल्या माणसांना रात्रीच्या पहाऱ्याचं काम दिलं. ज्या नांगराला गिऱ्हाईक मिळत नव्हतं, तोच पुढं गावोगाव पोचला. 1920 च्या दशकात वाडीत पंपही तयार होऊ लागले.

26 सप्टेंबर 1956 रोजी लक्ष्मणराव गेले. 1969 मध्ये, त्यांच्या जन्मशताब्दीला, भारत सरकारनं त्यांच्या नावानं टपाल तिकीट काढलं. किर्लोस्कर समूह आजही आपलं स्थापना वर्ष 1888 सांगतो, म्हणजे नांगराचं नाही, पंपाचंही नाही, तर त्या सायकलच्या दुकानाचं.