बढती नाकारलेला शिक्षक

मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये यंत्रांची रेखाटने शिकविणाऱ्या लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांना बढती मिळावयास हवी होती. ती जागा एका अँग्लो-इंडियन गृहस्थाला देण्यात आली. लक्ष्मणरावांनी १८९७ साली राजीनामा दिला आणि ते बेळगावला निघून गेले. सेवेतील अन्यायाची अशी प्रकरणे त्या काळी विरळा नव्हती, आजही नाहीत. बहुतेकांचा शेवट वरिष्ठांकडे पाठविलेल्या अर्जात होतो. येथे तो कारखान्यात झाला, एवढे सांगून पुष्कळ लेखक पुढे सरकतात. मला मात्र निराळा प्रश्न पडतो : हाताचा कसबी असलेला हा माणूस शेकडो माणसांचे काम चालविणारा व्यवस्थापक कसा झाला? कारण या दोन विद्या भिन्न आहेत. उत्तम अध्यापकाला प्राचार्य किंवा चोख कारकुनाला हेडक्लार्क केले की दुसरी विद्या आपोआप अंगी येते, असा आपल्याकडे गोड समज आहे.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचा. चित्रकार होण्यासाठी ते जे. जे. कलाशाळेत गेले, पण काही रंगांतील भेद त्यांच्या डोळ्यांना कळत नाही, हे ध्यानात आले आणि तो मार्ग खुंटला. रंगावाचून चालणारे रेखाटन तेवढे उरले. त्याच्या बळावर ते यंत्रांकडे वळले.

बेळगावात बंधू रामूअण्णांच्या साथीने सायकलींचे दुकान चालले. पुढे कडबा कापण्याचे यंत्र झाले, मग लोखंडी नांगर. नांगर चांगला होता आणि तो खपेना. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी समजूत शेतकऱ्यांत होती, असे सांगतात. या समजुतीला हसणे सोपे आहे. माझ्या मते त्या नकारामागे हिशेबही असावा. लाकडी नांगर मोडला तर गावचा सुतार बलुत्यावर दुरुस्त करी. लोखंडी फाळ मोडला तर ऐन पेरणीच्या तोंडावर कोणाकडे जावे? लक्ष्मणरावांनी गिऱ्हाइकाला अडाणी ठरविले नाही. ते नांगर सुधारीत राहिले आणि वाट पाहत राहिले. व्यवस्थापनाचा पहिला धडा त्यांना येथे मिळाला असावा.

नगरविस्तारासाठी बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळची ३२ एकर उजाड जमीन आणि १०,००० रुपये बिनव्याजी दिले. मार्च १९१० मध्ये निवडुंगाने भरलेल्या त्या माळावर बिऱ्हाडे उतरली. त्या माळाची किर्लोस्करवाडी झाली.

तेथे कोण कोण जमले, हे पाहण्यासारखे आहे. अनंतराव फळणीकर यांचे शिक्षण अर्धवट सुटलेले. ते कल्पक यंत्रज्ञ झाले. मंगेशराव रेगे यांनी दप्तर आणि हिशेब सांभाळले, शंभोराव जांभेकर यांनी कारखान्याची व्यवस्था पाहिली आणि वसाहतीची आखणी व कारभार रामूअण्णांकडे राहिला. दरोड्याची शिक्षा भोगून आलेल्या तुकाराम रामोशी यांना तर पहाऱ्यावर नेमण्यात आले आणि तो पहारा विश्वासाचा ठरला. वसाहतीत अस्पृश्यता पाळावयाची नाही, असा दंडकही होता. आजच्या कोणत्याही निवड समितीपुढे यांतील निम्मी माणसे पात्रतेच्या रकान्यातच अडकली असती. लक्ष्मणरावांना स्वतःला एकदा डोळ्यांनी अडविले होते आणि एकदा वंशाने. माणसाचे काम पाहण्यापूर्वी त्याचे कागद पाहू नयेत, हे त्यांना कोणी शिकविण्याची गरज नव्हती.

पण माणसे निवडणे हा अर्धाच भाग. कसबी माणसाला खरे अवघड जाते ते स्वतःच्या हातातले काम दुसऱ्याच्या हाती देणे. तो शेजारी उभा राहतो, हातोडा हिसकावून घेतो आणि शिकणारा कायमचा शिकाऊ राहतो. विभागप्रमुखाची खुर्ची मिळूनही प्रत्येक कागद स्वतःच लिहिणारे अधिकारी आपण पाहतोच. लक्ष्मणरावांनी जबाबदारी वाटून दिली, म्हणून पहिल्या महायुद्धातील टंचाईत वाडी तगली. परदेशी लोखंड येईनासे झाले, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी पन्हाळ्याच्या जुन्या तोफा दिल्या. त्या वितळवून नांगर ओतले गेले.

१९२० साली किर्लोस्कर बंधूंची रीतसर कंपनी झाली. त्याच वर्षी शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केली. अमेरिकेत शिकून आलेले पुत्र शंतनुराव १९२६ साली कारखान्यात दाखल झाले. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले, तोवर हरिहरला यंत्रसामग्री, खडकीला तेल-इंजिने आणि बंगळूरला विजेची यंत्रे बनविणारे कारखाने उभे राहिले होते. ते चालविणारी माणसे दुसऱ्या पिढीतली होती.